मदत संपली, कर्ज उरले

२७ मार्च २०२० हा शुक्रवार होता. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो त्या दिवसांत ऑटावातील रिडो कॉटेज या आपल्या निवासस्थानाच्या दाराबाहेर उभे राहून देशाशी बोलत असत. करोनाने जग घरात बसवले होते, पंतप्रधानांच्या घरातही आजार शिरलेला होता आणि उद्या काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या शुक्रवारी ट्रूडोंनी छोट्या व्यावसायिकांसाठी एक कर्जयोजना जाहीर केली. चाळीस हजार डॉलरपर्यंत बिनव्याजी पैसे. वेळेत परत केले तर त्यातले दहा हजार माफ. योगायोग असा, की त्याच दिवशी कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेने आपला व्याजदर पाव टक्क्यावर आणून ठेवला. पैसा जवळजवळ फुकट झाला होता आणि सरकार तो घ्या म्हणून सांगत होते.

आता दुसरी तारीख पाहू. १८ जानेवारी २०२४, गुरुवार. माफी मिळवण्यासाठी कर्ज परत करण्याचा हा अखेरचा दिवस. मध्यवर्ती बँकेचा दर तोवर पाच टक्क्यांवर गेला होता. त्या दिवशी पैसे भरू शकलेल्या दुकानदाराला सरकारकडून वीस हजार डॉलरपर्यंतची भेट मिळाली. जो भरू शकला नाही, त्याची भेट रात्रीतून नाहीशी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून संपूर्ण रकमेवर पाच टक्के व्याज सुरू झाले. या दोन तारखांमधली पावणेचार वर्षे हा आजच्या लेखाचा विषय आहे.

कॅनडातल्या दुकानदारांच्या उधारीशी आपल्याला काय कर्तव्य, असे एखादा वाचक विचारील. एक तर कॅनडा आता पूर्वीइतका दूर राहिलेला नाही. टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन ही नावे पुण्या-ठाण्याच्या अनेक घरांत रविवारच्या फोनवर ऐकू येतात. पण त्याहून महत्त्वाचे कारण असे, की संकटात सरकारने मदत कशी करावी, दान द्यावे की कर्ज, आणि कर्ज माफ करायचेच तर कोणाचे, हा प्रश्न आपल्याकडे गावोगावच्या पारावर चघळला जातो. श्रीमंत, शिस्तशीर आणि सुव्यवस्थित म्हणून ज्याची ख्याती, त्या देशाने हा प्रश्न कसा सोडवला हे पाहण्यासारखे आहे.

हातउसने पैसे

योजनेचे पूर्ण नाव ‘कॅनडा इमर्जन्सी बिझनेस अकाउंट’. तिथल्या व्यवहारात ते ‘सीबा’ असेच रूढ झाले. एप्रिल २०२० मध्ये अर्ज घेणे सुरू झाले. योजनेचा कारभार ‘एक्स्पोर्ट डेव्हलपमेंट कॅनडा’ या सरकारी वित्तसंस्थेकडे होता. पण दुकानदाराने जायचे ते आपल्या नेहमीच्या बँकेत. दोनशे तीसहून अधिक बँका आणि पतसंस्था यात सामील होत्या. तारण नको, जामीन नको, व्याज नको. आपल्याकडे मित्राकडून किंवा मेहुण्याकडून घेतलेल्या अशा पैशांना ‘हातउसने’ म्हणतात. इथे उसने देणारे सरकार होते.

सुरुवातीला वर्षाकाठी पन्नास हजार ते दहा लाख डॉलर पगारापोटी देणारे व्यवसायच पात्र होते. लवकरच खालची मर्यादा वीस हजारांवर आणली, वरची पंधरा लाखांवर नेली. तरीही एकट्याने धंदा करणारे आणि घरच्याच माणसांवर चालणारी दुकाने बाहेर राहत होती. मग त्यांच्यासाठीही वेगळा मार्ग काढला गेला. डिसेंबर २०२० मध्ये कर्जाची मर्यादा चाळीसवरून साठ हजार झाली आणि माफीची रक्कम दहावरून वीस हजार. ३० जून २०२१ रोजी अर्ज घेणे थांबले, तेव्हा सुमारे नऊ लाख व्यवसायांनी मिळून ४९ अब्ज डॉलर घेतले होते. पगारी नोकर ठेवणाऱ्या कॅनडातील व्यवसायांपैकी सुमारे ९८ टक्के हे शंभराहून कमी माणसांचे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे ही योजना किती दारांपर्यंत पोहोचली याची कल्पना येते.

त्या काळात सीबा ही एकमेव मदत नव्हती. काम गेलेल्यांना महिना दोन हजार डॉलर मिळत होते. मालकांना नोकरांच्या पगाराच्या ७५ टक्क्यांपर्यंत, माणशी आठवड्याला जास्तीत जास्त ८४७ डॉलर अनुदान मिळत होते. मार्च आणि एप्रिल २०२० या दोन महिन्यांत सुमारे तीस लाख नोकऱ्या गेल्या, त्या देशात हे आवश्यकच होते. २०२०-२१ या एका वर्षात केंद्र सरकारची तूट सुमारे ३२८ अब्ज डॉलरवर गेली आणि केंद्राचे एकूण कर्ज प्रथमच एक हजार अब्जांच्या पुढे गेले. जनतेला कर्ज काढावे लागू नये म्हणून आम्ही कर्ज काढले, असे ट्रूडो वारंवार सांगत. पगारदारांच्या बाबतीत ते बरेचसे खरे होते. दुकानदारांच्या बाबतीत मात्र सरकारनेही कर्ज काढले आणि त्यांनाही काढायला लावले.

दार बंद, भाडे चालू

हिशेब समजावा म्हणून एक काल्पनिक खानावळ डोळ्यांसमोर आणू. टोरोंटोच्या कचेऱ्यांच्या भागात दुपारचे जेवण देणारी, दहा टेबलांची. नवरा-बायको आणि चार नोकर. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. उन्हाळ्यात थोडी उघडली. १० ऑक्टोबर २०२० पासून टोरोंटोत आत बसवून जेवण देण्याला पुन्हा बंदी आली आणि ती उठली थेट १६ जुलै २०२१ रोजी. नंतर ओमिक्रॉनची लाट आली, तेव्हा जानेवारी २०२२ मधले जवळजवळ चार आठवडे पुन्हा तेच. या सर्व काळात भाडे, विमा, वीज आणि शीतकपाटाचा हप्ता यांना टाळेबंदी नव्हती.

भाड्यासाठी सरकारने पहिली योजना आणली, तिच्यात अर्ज करायचा होता तो घरमालकाने आणि भाड्याच्या चौथ्या भागावर पाणीही सोडायचे होते त्यानेच. पुष्कळ मालकांनी अर्जच केला नाही. २०२० च्या शरद ऋतूत नवी योजना येऊन भाडेकरूला थेट पैसे मिळू लागले, तोवर सहा महिने गेले होते. त्या सहा महिन्यांचे भाडे कशातून गेले? बहुतांशी सीबाच्या पैशांतून. म्हणजे सरकारचे उसने पैसे एका दाराने आत आले आणि दुसऱ्या दाराने जागेच्या मालकाकडे गेले. देणे मात्र खानावळवाल्याच्या नावावर राहिले.

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सारा वाद त्याच्यावर उभा आहे. धंदा वाढवण्यासाठी कर्ज काढले, तर त्या पैशातून यंत्र येते, दुकान मोठे होते, नवी गिऱ्हाइके येतात आणि त्या वाढीतून हप्ते फिटतात. सीबाच्या पैशातून काहीच उभे राहिले नाही. तो पैसा बंद दाराचा खर्च होता. आणि ते दार दुकानदाराच्या चुकीने नव्हे, तर सार्वजनिक आरोग्यासाठी, सर्वांच्या भल्यासाठी सरकारी आदेशाने बंद झाले होते. टोरोंटोत नोव्हेंबर २०२० नंतर छोट्या कापड दुकानाला आत गिऱ्हाईक घेता येत नव्हते. किराणा विकणाऱ्या अवाढव्य भांडारात मात्र तेच कपडे राजरोस विकले जात होते. तेव्हा या आदेशाचा भार सगळ्यांवर सारखा पडला असेही नाही.

व्याजाचे वारे फिरले

कर्ज परतीची पहिली तारीख होती ३१ डिसेंबर २०२२. साथ लांबली तशी जानेवारी २०२२ मध्ये सरकारने ती एक वर्ष पुढे ढकलली. एवढ्या अवधीत धंदे सावरतील, असा हिशेब होता. तो चुकला.

जून २०२२ मध्ये कॅनडातली भाववाढ ८.१ टक्क्यांवर गेली. तेल, पीठ, चिकन, मजुरी, सारेच महागले. भाववाढ आटोक्यात आणण्यासाठी मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ पासून दर वाढवायला सुरुवात केली आणि जुलै २०२३ मध्ये तो पाच टक्क्यांवर नेला. सव्वा वर्षात पाव टक्क्यावरून पाच टक्क्यांवर! घरकर्जाचे हप्ते वाढले, तसे लोकांनी बाहेर जेवणे कमी केले. शिवाय कचेऱ्यांतली माणसे पूर्वीसारखी परतलीच नाहीत. आठवड्यातून दोन-तीन दिवस कामावर येणाऱ्यांच्या जिवावर आमच्या त्या काल्पनिक खानावळीची दहा टेबले भरणार कशी? म्हणजे उघडी तर झाली, पण गल्ला पूर्वीचा राहिला नाही.

१४ सप्टेंबर २०२३ रोजी ओंटारिओतल्या लंडन शहरात सत्ताधारी पक्षाच्या खासदारांची बैठक होती. तिथे ट्रूडोंनी सवलत जाहीर केली. माफीची तारीख ३१ डिसेंबरवरून १८ जानेवारी २०२४. अठरा दिवस! बँकेकडून नवे कर्ज घेऊन सीबा फेडायचा अर्ज त्या तारखेच्या आत केला असेल, तर २८ मार्चपर्यंत मुदत. बाकीच्यांना मुद्दल फेडण्यासाठी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वेळ, पण पाच टक्के व्याजाने आणि माफीशिवाय. छोट्या व्यावसायिकांची संघटना ‘कॅनेडियन फेडरेशन ऑफ इंडिपेंडंट बिझनेस’ माफीसाठी आणखी एक वर्ष मागत होती. प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांनीही, पक्षभेद विसरून, मुदतवाढीची मागणी केली. सरकार हलले नाही.

तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे

आता आपल्या खानावळीचा हिशेब मांडू. कर्ज साठ हजार. १८ जानेवारीपूर्वी चाळीस हजार भरले तर वीस हजार माफ. समजा हाताशी चाळीस हजार नाहीत, पण बँकेने नऊ टक्क्यांनी तेवढे दिले. (त्या सुमारास कॅनडातल्या बँकांचा पायाभूत दर ७.२ टक्के होता, तेव्हा छोट्या धंद्याला नऊ टक्के धरणे वावगे होणार नाही.) तीन वर्षांचे व्याज सुमारे १०,८०० डॉलर, मुद्दल धरून ५०,८००. आणि बँकेने दिले नाहीत तर? साठ हजार मुद्दल, त्यावर वर्षाला तीन हजार व्याज. २०२६ अखेर बेरीज एकोणसत्तर हजारांच्या घरात. फरक अठरा हजार डॉलरचा. कष्ट तेच, संकट तेच, आदेशही तोच. फरक इतकाच, की एकाला बँकेने उभे केले आणि दुसऱ्याला नाही.

बँक कोणाला उभे करते हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. ज्याच्याकडे आधीच काही आहे त्यालाच. २०२० मध्ये ज्या बँकेने काही मिनिटांत सीबाचे पैसे खात्यात टाकले, तीच बँक २०२३ मध्ये तीन वर्षांचे ताळेबंद मागू लागली. यात बँकेचा दोष काढता येणार नाही. तेव्हा पैसा सरकारचा होता, बुडाला तर सरकारचा बुडणार होता. आता पैसा तिचा होता. पण परिणाम असा झाला, की सरकारी माफीचा लाभ कोणाला मिळावा याचा निर्णय बँकेच्या कर्ज विभागाकडे गेला.

आणि निकाल? सुमारे पाचांपैकी चार कर्जदारांनी वेळेत पैसे भरले व माफी मिळवली. सरकारने हे योजनेचे यश म्हणून सांगितले आणि एका अर्थी ते यश होतेच. पण या चौघांत काही असे होते, की ज्यांनी ते साठ हजार बँकेत नुसते ठेवून दिले होते. त्यांना गरज नव्हती, पण वीस हजार कोण सोडतो? काहींनी घर गहाण टाकले, निवृत्तीसाठी साठवलेली पुंजी मोडली, नातेवाइकांकडे हात पसरला. उरलेल्या पाचव्यात मुख्यतः ते होते, ज्यांना साथीचा फटका सर्वांत जास्त बसला होता. थोडक्यात, ज्याला मदतीची गरज कमी त्याला दान मिळाले आणि ज्याला गरज जास्त त्याला व्याज लागले. योजनेच्या घडणीतला दोष नेमका इथे आहे. माफी नुकसान पाहून दिली गेली नाही. फेडण्याची ऐपत पाहून दिली गेली.

सरकारची बाजू

न्याय करायचा तर सरकारचे म्हणणेही ऐकले पाहिजे. मार्च २०२० मध्ये कोणाचे किती नुकसान होणार हे मोजायला वेळ नव्हता आणि साधनेही नव्हती. दुकाने महिन्याभरात कोसळली असती. तेव्हा आधी पैसे, मग कागद, हे धोरण बरोबरच होते. बुडणाऱ्याला दोर फेकताना त्याचे रेशनकार्ड पाहत नाहीत.

दुसरे असे, की सरकारच्या तिजोरीतला पैसाही फुकटचा नव्हता. केंद्राच्या कर्जावरील वार्षिक व्याज २०२०-२१ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलर होते, ते २०२३-२४ मध्ये ४७ अब्जांच्या पुढे गेले. बिनव्याजी कर्जाची मुदत वाढवायची म्हणजे ते व्याज इतर करदात्यांनी भरायचे. एकदा मुदत वाढवली होती, अधिक अठरा दिवस दिले होते, पाच टक्के हा दरही बाजाराहून कमी होता. आणि ज्यांनी पोटाला चिमटा काढून वेळेत कर्ज फेडले, त्यांना काय सांगायचे? नियमित फेडणाऱ्याने मूर्ख ठरावे काय, हा प्रश्न आपल्याकडेही प्रत्येक कर्जमाफीच्या वेळी विचारला जातो आणि तो खोटा नाही.

पण या युक्तिवादात एक गोष्ट निसटते. पगाराचे अनुदान परत करायचे नव्हते. काही मोठ्या कंपन्यांनी ते घेतले आणि त्याच काळात भागधारकांना लाभांशही वाटला. त्यांच्याकडे परतीची तारीख घेऊन कोणी गेले नाही. शिस्तीचा आग्रह धरायचा तर तो वरपासून खालपर्यंत धरायला हवा होता.

इतरांनी काय केले

अमेरिकेने एप्रिल २०२० पासून छोट्या व्यवसायांना सुमारे आठशे अब्ज डॉलर कर्ज म्हणून वाटले. तिथे माफीची अट परतफेडीची नव्हती, खर्चाची होती: बहुतांश पैसा नोकरांच्या पगारावर गेला असल्याचे दाखवा, कर्ज माफ. जवळजवळ सारे माफ झाले. मात्र त्यातला मोठा हिस्सा ज्यांच्या नोकऱ्या जाणारच नव्हत्या अशांच्या मालकांकडे गेला, असे अभ्यासकांनी पुढे दाखवले. दान सढळ होते, नेम मात्र चुकला.

ब्रिटनने पन्नास हजार पौंडांपर्यंत कर्जे दिली. शंभर टक्के हमी सरकारची. पहिले वर्ष व्याज सरकारने भरले, नंतर अडीच टक्के. माफी अजिबात नाही. पण मुदत सहा वर्षांची आणि हवी तर दहा वर्षांपर्यंत वाढवता येणारी. तिथेही लबाडांनी हात धुऊन घेतले. तरी प्रामाणिक दुकानदाराला एका तारखेच्या भीतीने रात्री जागाव्या लागल्या नाहीत.

आपल्याकडे मे २०२० मध्ये लघुउद्योगांसाठी सरकारी हमीची तातडीची कर्जयोजना आली. बँकेने आधीच दिलेल्या कर्जाच्या वीस टक्के आणखी कर्ज, व्याज बँकांसाठी जास्तीत जास्त सव्वानऊ टक्के, पहिले वर्ष मुद्दलाचा हप्ता नाही. तिथेही माफी नव्हती आणि ज्याच्या नावावर आधी कर्जच नव्हते, तो टपरीवाला सुरुवातीपासून बाहेरच राहिला.

कॅनडाच्या तऱ्हेशी सर्वांत जास्त साम्य मात्र आपल्या २०१७ च्या शेतकरी सन्मान योजनेतल्या एका कलमाचे आहे. दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ. पण थकबाकी त्याहून अधिक असेल, तर वरची रक्कम आधी शेतकऱ्याने भरायची, मग सरकार दीड लाख देणार. ज्याची वरची रक्कम भरण्याची ताकद होती त्याला दीड लाख मिळाले. ज्याची नव्हती, त्याच्या दारावरून माफी पुढे निघून गेली. सर्वांत जास्त कर्जात बुडालेला शेतकरीच मागे राहिला. ऑटावा आणि मुंबई यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे. पण कचेरीत बसून आखलेल्या माफीला दोन्हीकडे एकच खोड असावी, हे आश्चर्य आहे.

महालेखापालांचा शेरा

२ डिसेंबर २०२४ रोजी कॅनडाच्या महालेखापाल कॅरेन होगन यांनी सीबावरचा अहवाल सादर केला. पैसा झटपट पोहोचला आणि ९१ टक्के लाभार्थी पात्र होते, हे त्यांनी मान्य केले. मात्र उरलेल्या नऊ टक्के अपात्रांकडे सुमारे साडेतीन अब्ज डॉलर गेले होते. त्याहून बोचरी बाब कारभाराची. योजना चालवण्यासाठी ॲक्सेंचर या एकाच कंपनीला, स्पर्धा न होता, ३१ कोटी ३० लाख डॉलरची कामे दिली गेली होती. देखरेखीची जबाबदारी नेमकी कोणाची, याबद्दल सरकारी खाती आणि वित्तसंस्था यांच्यात एकवाक्यता नव्हती. दुकानदाराकडून तारखेचा हिशेब चोख मागणाऱ्यांचा स्वतःचा हिशेब असा सैल होता.

या साऱ्याचा अर्थव्यवस्थेवर परिणाम काय झाला? २०२३ मध्ये कॅनडातील व्यावसायिक दिवाळखोरीची प्रकरणे आदल्या वर्षापेक्षा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढली. माफीची मुदत संपली त्या २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांत ती दोन हजारांवर गेली. साऱ्याचा दोष सीबाला देणे चुकीचे ठरेल. व्याजदर होते, भाडी होती, बदललेल्या सवयी होत्या. शिवाय साथीच्या काळात मदतीच्या आधाराने जे धंदे तगले, त्यातले काही एरवीही बंद पडलेच असते. पण हेही ध्यानात ठेवावे, की छोटे दुकान सहसा दिवाळखोरीचा अर्ज करीतच नाही. ते एका शनिवारी बंद होते, काचेवर कागद चिकटतो आणि आकडेवारीत त्याची नोंदही होत नाही. आणि मालकी एकट्याच्या नावावर असेल, तर दुकान गेले तरी कर्ज माणसाच्या मागे घरी येते.

पुन्हा तेच दार

हा इतिहास म्हणून सोडून देता आला असता. पण मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या मालावर जकाती लादल्या आणि ऑटावा पुन्हा मदतीला धावले. त्या महिन्यात जाहीर झालेल्या उपायांत ‘एक्स्पोर्ट डेव्हलपमेंट कॅनडा’मार्फत दोन वर्षांत पाच अब्ज डॉलरचे साह्य होते आणि दुसऱ्या एका सरकारी बँकेमार्फत पन्नास कोटींची सवलतीची कर्जे. सीबाचे हप्ते अजून डोक्यावर असलेल्या कारखानदाराला नव्या संकटात पुन्हा कर्जाचाच रस्ता दाखवला गेला.

कर्ज वाईट असे कोणी म्हणणार नाही. पेरणीसाठी काढलेले कर्ज पीक देते. पण पूर आला, पीक वाहून गेले, तेव्हा जे हवे असते ते भरपाई, कर्ज नव्हे. ज्या नुकसानीतून उद्या काहीच उगवणार नाही, ते नुकसान कर्जाने भरून निघत नाही, फक्त पुढच्या तारखेवर जाते. कॅनडाने दिलेल्या मदतीतला भरपाईचा भाग होता वीस हजारांची माफी. ती किती धंदा बुडाला हे पाहून दिली असती, उशिरा का होईना, करविवरणे तपासून दिली असती, तर जवळपास तेवढ्याच खर्चात ती योग्य दारी पोहोचली असती. ती माहिती सरकारी दप्तरी होती. २०१९, २०२० आणि २०२१ या तीन वर्षांची विवरणे शेजारी ठेवली, की कोण किती बुडाला ते दिसत होते. मार्च २०२० मध्ये हे करायला वेळ नव्हता, हे मान्य. सप्टेंबर २०२३ मध्ये होता.

मेहुण्याकडून घेतलेल्या हातउसन्या पैशांना आपल्याकडे तारीख नसते असे नाही, असते. पण तारीख जवळ आली, की मेहुणा घरी येतो, चहा घेतो आणि धंदा कसा चालला आहे ते आधी विचारतो. एवढी चौकशी त्या खानावळीत जाऊन कोणी केली असती, तर पुढची पाच टक्क्यांची नोटीस कदाचित वेगळी लिहिली गेली असती.